केवळ माणूस, माप पाऊणपट

"आडवे व्हा," दातार म्हणाले.

"कुणापुढं?" आबांनी विचारलं.

माझे वडील लंगोटावर उभे होते. समोर लाकडी फळी, तिच्यावर धुतलेली चादर. बाजूला कोमट पाण्याच्या बादल्या आणि प्लास्टरच्या पट्ट्यांच्या गुंडाळ्या. कोल्हापूरबाहेर एक फाउंड्री बंद पडली होती, तिची शेड हृषीकेश दातारांनी स्टुडिओ म्हणून घेतली होती. पत्र्याखाली मार्चची तलखी. दातारांच्या अंगात मात्र पूर्ण बाह्यांचा काळा कुर्ता. परदेशात राहून आलेल्या माणसाला इथलं ऊन लागत नाही, असा त्यांचा समज होता.

"कुणापुढं असं नाही हो. अंगाचा ठसा घ्यायचाय. तासभर हलता येणार नाही. उभ्यानं तुम्हाला झेपायचं नाही."

"उभ्यानंच घ्या."

"चक्कर आली तर?"

"आली तर बसंन. आडवा हुणार न्हाई."

दातारांनी माझ्याकडे पाहिलं, म्हणजे मी वडिलांना समजवावं. मी खिडकीबाहेर पाहिलं. आम्ही एकाच कला महाविद्यालयात शिकवत होतो, ते शिल्प आणि मी कलेचा इतिहास. त्यांना एक म्हातारं शरीर हवं होतं. "एकेकाळी भव्य असलेलं, आता ओसरलेलं," असं ते स्टाफरूममध्ये म्हणाले होते. म्हणताना त्यांनी दोन्ही हातांनी हवेत एक छाती काढली आणि मग तीच छाती हळूहळू खाली ओघळवली. तसं शरीर आमच्या घरी रोज पुढच्या सोप्यात बसलेलं असायचं. मी सांगितलं.

आबा तासभर उभे राहिले. प्लास्टर वाळताना कातडी ओढतं, छातीवरचे केस उपटले जातात. आबांची पापणी तेवढी हलत होती. दातार मधूनमधून "अद्भुत" म्हणत होते. पट्ट्या निघाल्यावर आबांनी आधी पाणी मागितलं, मग विचारलं, "पाठीचं कधी?"

"पाठीचं नंतर. बोलावतो."

*

पाटी, पहिला मसुदा. (प्रदर्शनात प्रत्येक शिल्पाशेजारी लावायच्या पाट्या मी लिहायच्या, असं ठरलं होतं.)

शीर्षक: हिंदुराव चौगुले, पैलवान
माध्यम: सिलिकॉन, फायबर, केस
माप: अजून कळलेलं नाही
ओळख: कुस्तीत ह्यांची पाठ कधी लागली नाही.

दातारांनी शीर्षक खोडलं. ओळख खोडली. माध्यम राहिलं.

*

पाठ लागणं म्हणजे काय, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी.

दोन्ही खांदे मातीला टेकले की कुस्ती संपली. त्याआधी नाक फुटू दे, कान फुटू दे, माणूस हरलेला नसतो. आबांचे दोन्ही कान फुटून भज्यांसारखे झाले होते, पण पाठ लागलेली नव्हती. आमच्या गल्लीतल्या तालमीत कुस्तीच्या हौदासमोरच्या भिंतीवर फक्त अशांचे फोटो होते. बाकीच्यांचे बाजूच्या भिंतीवर, मोरीच्या अंगाला. समोरच्या भिंतीवर त्या वेळी जिवंत असलेले एकटे आबा. दर वर्षी हौदात नवी तांबडी माती पडली, तिच्यात ताक, हळद, लिंबू, तेल मुरलं, की पहिला हार त्या भिंतीला.

आबांनी ह्या पाठीची जेवढी बडदास्त ठेवली तेवढी आईची कधी ठेवली नाही. ते कुशीवर झोपायचे, जन्मभर. न्हाव्याच्या खुर्चीत मान मागं टाकायचे नाहीत. हर्नियाच्या ऑपरेशनच्या वेळी डॉक्टरांना म्हणाले, "भूल दिल्यावर काय करायचं ते करा. मला सांगू नका." आणि शुद्धीवर आल्यावर, टाके ओले असताना, पहिल्यांदा काय केलं तर कुशीवर वळले.

आता जे फोटोखाली लिहिलेलं नव्हतं ते. अठ्ठाविसाव्या वर्षी एका पंजाबी मल्लाशी त्यांची कुस्ती बरोबरीत सुटली. त्यानंतर आबा कधी आखाड्यात उतरले नाहीत. गुडघा, म्हणायचे. त्याच गुडघ्यानं पुढं पंचगंगेच्या घाटाच्या पायऱ्या रोज चढले-उतरले. आई भाकरी थापता थापता म्हणायची, "ट्रंकेतली पैठणी फाटंल कशाला?"

मी तिची मुलगी. मला त्या पाठीचा तिटकारा होता. तालमीत बाईमाणसानं पाऊल ठेवायचं नाही, त्यामुळं तो फोटो मी जेवढा पाहिला तेवढा दारातून.

*

"माप काय ठेवताय?" मी दातारांना विचारलं. "पाटीवर घालायचंय."

"पाऊणपट. ठशावरून मातीत लहान करतोय."

"का?"

ह्या प्रश्नाची ते वाटच पाहत होते. स्टूल ओढून बसले.

"हे बघा शालनताई. माणूस मूळ मापाचा केला, की लोक फसतात. त्यांना वाटतं कुणीतरी उभं आहे. बाजूला होतात, माफ करा म्हणतात, मग हसतात. संपलं. दुप्पट केला, की घाबरतात. तो देव होतो, नाहीतर पुढारी होतो. पण पाऊणपट करा. कातडी तीच, शिरा त्याच, नखांतला मळ तोच, आणि फक्त आकार किंचित कमी. बघणाऱ्याच्या आत काहीतरी हलतं. का हलतं ते त्याला कळत नाही. तो वाकतो. आणि वाकला, की करुणा सुरू होते."

"म्हणजे करुणा रुपयाला बारा आणे."

"तुम्ही थट्टा करा. पण हाच मानवतावाद आहे. पैलवान, जात, गल्ली, तालीम, हे सगळं गळून पडतं. उरतो तो केवळ माणूस."

गळून पडतं म्हणे. पिकलेल्या पानासारखं. मी त्यांच्या समोरच्या मातीच्या ढिगाकडे पाहत होते. ज्या तारेनं दातार माती कापत होते ती तार तिच्यावरच पडलेली होती.

"त्यांना माप सांगितलंय?"

"कुणाला?"

"ज्याच्यावरून सगळं गळून पडलंय त्याला."

"योग्य वेळी सांगू," दातार म्हणाले. "तुम्हीही आत्ता बोलू नका. शरीर सावध झालं की खोटं बोलायला लागतं."

*

शरीर सावध होऊ नये म्हणून दातारांनी आबांशी गप्पा मारल्या. टेपरेकॉर्डर लावून. मी चहा घेऊन गेले तेव्हा चाललं होतं ते असं.

"आबा, तुम्हाला आयुष्यात कशाची भीती वाटली?"

"ओल्या फरशीची."

दातारांचे डोळे ओलावले. खरंच ओलावले, मी पाहिलं. "म्हातारपण," ते हळूच मला म्हणाले. "केवढी साधी, केवढी सनातन भीती."

"म्हातारपण न्हाई," आबा म्हणाले. "इसाव्या वर्षापास्नं."

"आणि मरणाची?"

"मराण येतंय की. त्याला काय भ्यायाचं?"

"एकटं वाटतं का?"

"तुमी आलासा की वाटतंय. बोलत न्हाईसा, नुसतं बघत बसतासा."

"मी तुमच्याकडे माणूस म्हणून बघतोय, आबा."

"आनि आदी काय म्हणून बघत हुतासा?"

दातार हसले. टेपरेकॉर्डर बंद करताना त्यांनी मान डोलावली, मोठं काहीतरी हाती लागल्यासारखी. आबांनी चहा बशीत ओतला.

"पाठीचं कधी घेणार?" त्यांनी विचारलं.

"बोलावतो म्हणालो ना."

"किती मोठा करणार मला?"

"तेच चाललंय."

"लई मोठा करू नका," आबा म्हणाले. "बघणाऱ्याला खरं वाटाय पायजे. हितनं तितपत्तूर पुरं." त्यांनी हात डोक्याच्या बराच वर नेऊन दाखवला. "आनि शड्डू ठोकताना करा. उजव्या मांडीवर."

दातारांनी नाही म्हटलं नाही. हो म्हटलं नाही. अशा वेळी ते शेडच्या पत्र्याकडे पाहत.

*

पाटी, दुसरा मसुदा.

शीर्षक: केवळ माणूस
माध्यम: सिलिकॉन, फायबर, माणसाचे केस
माप: पाऊणपट
ओळख: म्हाताऱ्याला मांडीवर थाप मारायची होती. मारू दिली नाही.

खोडलं. शीर्षक आवडलं, कारण ते त्यांचंच होतं. "ओळख मी लिहीन," म्हणाले.

*

आबा वाट पाहत राहिले. दर सोमवारी दाढी करून, धोतर नेसून, सोप्यात. सोमवारी दातारांची महाविद्यालयात रजा असते, हे त्यांनी माझ्याकडून काढून घेतलं होतं. माझ्याकडून पाठीला तेल चोळून घ्यायचे. आई गेल्यापासून ते काम माझ्याकडे आलेलं.

"आज बलवतील."

"नाही बोलावायचे. ते म्हणाले, पाठ ते फोटोंवरून मातीत करणार आहेत."

"फोटोत पाठ कळंल?"

"कळत असेल."

"तुज्या त्या सायबाला सांग, म्होरलं अंग समद्यांचं सारकंच असतंय. ह्याच्यात काय हाय ते मागं हाय."

मी सांगितलं. दातार म्हणाले, "किती सुंदर बोलतात." आणि ते वाक्य त्यांनी लिहून घेतलं. पुढं एका मुलाखतीत ते त्यांच्या तोंडून, त्यांचं म्हणून, मी ऐकलं.

एकदाच मी झाकलेल्या शिल्पाचा तुकडा पाहिला. दातारांनी चादर कानापुरती उचलली. आबांचा डावा कान. फुटलेला, गाठाळलेला, आतल्या घडीत थोडं पिवळं मेण, कडेला दोन पांढरे राठ केस, त्यांतला एक वाकडा. दातारांना काम येत नव्हतं असं मी कधीही म्हणणार नाही. सुईनं एकेक केस खोचत त्यांनी ती छाती भरली होती. कातडीच्या सात थरांचे सात रंग त्यांना माहीत होते. एवढं येऊनही माणूस इतका उथळ राहू शकतो, हे मला तेव्हा नवीन होतं.

"कसा आहे?" त्यांनी विचारलं.

"कान झालाय," मी म्हटलं.

*

उद्घाटन रविवारी सकाळी. एक जुना हॉल, उंच छताचा, खाली शहाबादी फरशी. दोन दिवस विद्यार्थ्यांना कामाला लावून भिंती पांढऱ्या केलेल्या. एक हमाल होता, पाऊणपट. एक परिचारिका, पाऊणपट. मधोमध दातारांचा स्वतःचा उजवा हात, छिन्नी धरलेला, बाजेएवढा. त्याच्याशेजारी माझ्या पाटीवर त्यांनी लिहिलं होतं: निर्मितीचा हात.

शेवटी, भिंतीशी, दोरीच्या पलीकडे, पांढऱ्या कापडाखाली आबा.

ते कापड मी लांबूनच पाहिलं आणि मला कळलं. उभ्या माणसावरचं कापड असं पडत नाही.

आबा आले. गुलाबी फेटा, कोल्हापुरी चपला, गळ्यात उपरणं. बरोबर आण्णाप्पा वस्ताद, तालमीचे प्रमुख, आबांचे लहानपणापासूनचे जोडीदार, आणि तालमीतली पाच-सहा माणसं, सगळी फेट्यात. आपल्या पैलवानाचा पुतळा उघडणार म्हणून हार घेऊन आलेली.

मी आबांना दारातच गाठलं.

"आबा, चला घरी. नंतर बघू."

"का? झाला न्हाई का?"

"झालाय. तुम्हाला आवडायचा नाही."

"मला आवडायला केलाय व्हय? चल, बाजूला हो. वस्ताद आलाय."

एक निवृत्त कुलगुरू बोलले. ते बराच वेळ बोलले. कलेच्या केंद्रस्थानी पुन्हा माणूस आला आहे, असं म्हणाले. त्यांच्या बोलण्यात माणूस इतक्या वेळा आला की बसलेली माणसं चुळबुळायला लागली. मग दातारांनी कापड ओढलं.

माझे वडील जमिनीवर उताणे पडले होते.

नागवे नव्हते, लंगोट होता. फरशीपासून चार बोटं उंच अशा पांढऱ्या फळीवर, हात अंगालगत, तळवे वर, तोंड किंचित उघडं. दहा-बारा वर्षांच्या पोराएवढी लांबी, आणि त्या लांबीत म्हातारा पुरा बसवलेला. दोन्ही खांदे टेकलेले.

आणि दातारांचं म्हणणं खरं ठरत होतं. लोक वाकत होते. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी पदर तोंडाला लावला. कुलगुरूंनी चष्मा काढला. कुणीतरी "अरेरे" म्हणालं, अगदी मनापासून, रस्त्यात कुत्र्याचं पिल्लू चिरडलेलं पाहिल्यावर म्हणतात तसं. बारा आणे लोकांनी तिथंच मोजून दिले.

तालमीच्या माणसांतलं कुणी वाकलं नाही. ती सगळी आबांकडे बघत होती.

"हिंदुराव," आण्णाप्पा वस्ताद म्हणाले, "ही कुस्ती कवा झाली?"

आबांनी चपला काढल्या. दोरी ओलांडली.

"आबा, आत नको," दातार म्हणाले. "कलाकृती आहे. हात लावता येत नाही."

"माज्या अंगाला मी हात लावतोय."

"तुमचं अंग नाही ते आता, आबा. ते सगळ्यांचं झालंय. तुम्ही पराभव म्हणून बघू नका. विश्रांती आहे ती. सगळं ओझं उतरवून ठेवलेला माणूस."

"कुणी उतरवलं?" आबांनी विचारलं. "मी तर तुमच्याम्होरं उभा हुतो."

कुलगुरू खाकरले. दोन विद्यार्थी पुढं आले आणि आण्णाप्पांनी त्यांच्याकडे नुसतं पाहिल्यावर मागं गेले.

आबा गुडघ्यावर बसले. एक हात खांद्याखाली, एक मांडीखाली. खाली पडलेल्याला उपडा करायचा त्यांचा हात मी कधी पाहिलेला नव्हता. मी जन्मायच्या आधीच तो त्यांनी बंद केला होता. त्यांनी श्वास कोंडला, मानेच्या शिरा फुगल्या, आणि सगळी ताकद लावून त्यांनी स्वतःला उचललं.

ते पोकळ होतं. रिकाम्या पिंपासारखं हलकं. लावलेली ताकद कुठंच लागली नाही, आबांचा तोल गेला, ते मागं कलंडले, फरशीच्या अगदी जवळ गेले, आणि आण्णाप्पांनी दोरीवरून झेप घेऊन त्यांच्या काखेत हात घातले. शिल्प फळीवर उपडं पडलं.

पाठ नव्हती.

कानामागून कातडी संपत होती. पुढं जिथं छातीवरचा एकेक केस सुईनं खोचलेला, तिथं मागून करडं खरबरीत फायबर, आडवी लोखंडी पट्टी, चार नटबोल्ट. मधल्या खळग्यात चहाचा एक प्लास्टिकचा कप फायबरमध्ये चिकटून वाळलेला.

मी वळून त्या बाजेएवढ्या हाताला एक फेरी मारली. तो चारही बाजूंनी पुरा होता. तळहाताच्या मागच्या बाजूचे तीळसुद्धा होते.

"पाठ दिसणारच नव्हती," दातार म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "आडव्या शिल्पात ती करत नाहीत. तांत्रिक भाग आहे."

सगळ्यात आधी आण्णाप्पा हसले.

"अरं, ह्याला पाठच न्हाई," ते म्हणाले. "मग लागली कुटं? पंचाचा निकाल घ्या माझ्याकडनं. हिंदुराव, कुस्ती झालीच न्हाई. चला, हार घाला गड्याला."

तालमीची माणसं हसली. कुणीतरी हार पुढं केला. आबा वाचले होते. त्यांचा फोटो जिथं होता तिथं राहणार होता, आणि वर एक किस्साही मिळाला होता, गल्लीत पुढची वीस वर्षं पुरेल असा. मी आबांकडे पाहिलं. आता हे मिशीवरून हात फिरवतील, मला वाटलं. ट्रंकेतली पैठणी ट्रंकेत.

आबांनी हार घेतला नाही. ते त्या खळग्यात बघत होते. मग त्यांनी आत हात घालून पोकळीची आतली बाजू चाचपली, वरपासून खालपर्यंत, मी तेल चोळायची तसं.

"तुमी माजी पाठ बघितलीसा?" त्यांनी दातारांना विचारलं.

"फोटो होते ना माझ्याकडे."

"फोटो ऱ्हाऊ द्या. बघितलीसा?"

दातार पत्र्याकडे पाहायला लागले. तिथं पत्रा नव्हता, उंच छत होतं, पण सवय.

"कुनीच बघितली न्हाई," आबा म्हणाले. हे ते कुणाला म्हणाले ते मला कळलं नाही. मग त्यांनी ते शिल्प एका हातानं उलटवलं आणि होतं तसं, उताणं, फळीवर ठेवून दिलं. तळवे वर आलेत ना तेही पाहिलं.

"आरं, कशाला परत तसं?" आण्णाप्पा म्हणाले.

"असू दे. ज्याचं हाय त्याला लखलाभ."

*

पाटी, तिसरा मसुदा. मी ही त्याच दुपारी उभ्या उभ्या लिहिली आणि दातारांच्या हातात दिली.

शीर्षक: केवळ माणूस
माध्यम: सिलिकॉन, फायबर, माणसाचे केस, चहाचा कप
माप: पाऊणपट, पाठ वगळून

ती लागली नाही. त्यांची लागली: "सगळं ओझं उतरवून ठेवलेला माणूस." त्या पाटीसकट शिल्प पुण्याला गेलं, दिल्लीला गेलं, परदेशात गेलं. त्याला बक्षीसही मिळालं. परीक्षकांनी लिहिलं होतं की ह्या कलावंतानं माणसाला कुठल्याही बाजूनं नाकारलेलं नाही.

*

पण ते नंतरचं. त्या दुपारी हॉलमधून निघालो ते आबा थेट घरी आले नाहीत. गल्लीच्या तोंडाशी ते तालमीकडे वळले. आण्णाप्पा मागोमाग, मी त्यांच्या मागं. दारापर्यंत.

तालमीत त्या वेळी कुणी नसतं. माती सकाळीच उकरून सारखी केलेली. समोरच्या भिंतीवर आबा, अठ्ठावीस वर्षांचे, काळे-पांढरे, मांडीवर हात. खाली म्हातारे आबा फेटा सोडत होते. फेटा, उपरणं, सदरा, धोतर. घडी घालून सगळं कट्ट्यावर. लंगोट त्यांच्या अंगावर रोजच असायचा.

"ह्या वयात घुमणार हाईस काय लेका?" आण्णाप्पा म्हणाले. "कुनासंगं?"

आबांनी माती कपाळाला लावली. हौदात उतरले. मधोमध गेले, बसले, पाय लांब केले. मग दोन्ही हात मागं टेकून, अंग एकेक इंच सोडत, थंड पाण्यात उतरल्यासारखे, ते मागं गेले. एक खांदा टेकला. तिथं थांबले. मग दुसरा.

"हिंदुराव, उठ."

"टेकलं का बघ."

"उठ रं. येड लागलंय का तुला?"

"वस्ताद हाईस न्हवं? दोन्ही टेकलं का बघ आनि सांग."

आण्णाप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी दारात होते, उंबऱ्याच्या अलीकडे. ते हौदाच्या कडेला वाकले, खरोखरच वाकले, एक हात गुडघ्यावर, कुस्तीत वाकतात तसे, एका खांद्याकडे पाहिलं, दुसऱ्याकडे पाहिलं.

"टेकलं," ते म्हणाले.

"मोठ्यांदा सांग."

"टेकलं की रं. लागली पाठ." आण्णाप्पांनी तोंडावरून पंजा फिरवला. "आता उठशील का?"

आबा लगेच उठले नाहीत. ते वर बघत होते, तालमीच्या वाशांकडे. पन्नास वर्षं त्या जागेत वावरलेला माणूस, पण ते वासे खालून असे त्यांनी कधी पाहिलेले नसणार.

"आण्णाप्पा," ते पडल्या पडल्या म्हणाले, "वर पाकोळ्यांनी घर केलंय बघ."

"करत्यात. दर साली."

"फोटो बाजूच्या भितीला घे."

"मोरीकडं?"

"तितंच."

मग ते उठले. आधी कुशीवर, मग गुडघ्यावर, मग आण्णाप्पांचा हात धरून. धोतर नेसले. सदरा हातातच ठेवला. मी म्हटलं, "आबा, घाला तो. माती पुसू द्या आधी." त्यांनी माझा हात बाजूला केला.

आम्ही गल्लीतून घरी चाललो. ते पुढं, मी मागं. सत्तरी उलटलेल्या माणसाची पाठ. डावा खांदा उजव्यापेक्षा खाली. कण्याच्या दोन्ही बाजूंना एके काळी जे मांस होतं त्याच्या रिकाम्या पिशव्या. कमरेच्या वर एक जुना चट्टा, खापराच्या रंगाचा. आणि त्या सगळ्यावर, खांद्यापासून खांद्यापर्यंत, तेलकट तांबडी माती, मणक्याच्या खाचेत तेवढी कोरडी जागा सोडून. एवढी वर्षं तिला तेल चोळलं, पण माझा हात ठरलेल्या वाटेनं फिरायचा आणि डोळे दुसरीकडे असायचे.

रविवारची दुपार. कट्ट्याकट्ट्यावर माणसं. गल्लीला पैलवानाच्या पाठीवरच्या मातीचा अर्थ सांगावा लागत नाही. एकेक बोलणं थांबत गेलं. पानपट्टीवाल्या बाबूरावांनी काताची काडी हातातच धरून ठेवली.

"पैलवान," त्यांनी विचारलं, "कुनी लावली?"

आबा थांबले नाहीत.

"पाठ हाय म्हणून लागली," ते म्हणाले, आणि सदरा खांद्यावर टाकायचा तो काखेत मारून पुढं गेले.